अल-किफ्लची कबर, तिथली जत्रा आणि भिंतीवरची अक्षरं : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात इराकमधल्या अल-किफ्ल गावाबद्दल एक टिपण छापलं होतं. हिल्ला आणि नजफ यांच्या मधल्या रस्त्यावर, युफ्रेटिसच्या काठी हे गाव आहे. तिथे यहेज्केल प्रेषिताची कबर मानली जाते. कबरीला लागून ज्यूंचं सभागृह, म्हणजे सिनेगॉग होतं आणि शेकडो वर्षं तिथे मोठी जत्रा भरत होती. आज तिथे मशीद आहे आणि शिया भाविक जियारतीला, म्हणजे दर्शनाला, येतात. या टिपणावर बुलडाणा, वाशीम, अमरावती, यवतमाळकडच्या खेड्यांतून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

कुराणातले जुलकिफ्ल आणि बायबलमधला यहेज्केल एकच का? आणि ती जागा मुळात कोणाची? (मेहकर तालुका)

कुराणात जुलकिफ्ल हे नाव दोनदा येतं, २१व्या सूरेत आणि ३८व्या सूरेत. दोन्हीकडे ते धीर धरणाऱ्या, सज्जन माणसांच्या यादीत आहे. त्यांची कथा तिथे सांगितलेली नाही. पुढच्या काळात अनेक मुसलमान विद्वानांनी त्यांना यहेज्केल मानलं आणि गावाला नावही त्यावरूनच मिळालं. यहेज्केल हा बुझी नावाच्या याजकाचा मुलगा. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेममधून जे लोक बाबेलला, म्हणजे आजच्या इराकमध्ये, धरून नेले, त्यांत तो होता. खबार कालव्याच्या काठी त्याला पहिला साक्षात्कार झाला तो त्यानंतरच्या पाचव्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ५९३ मध्ये. त्याला कुठे पुरलं हे बायबल सांगत नाही. म्हणून कबर इथेच आहे ही परंपरा आहे, आणि ती जुनी आहे, एवढंच म्हणावं.

ताब्याचा इतिहास मात्र बराच स्पष्ट आहे. १२व्या शतकात ही जागा ज्यूंच्या हाती होती आणि मुसलमानही तिथे प्रार्थनेला येत. इल्खानी मंगोल सुलतान उल्जायतू (राज्यकाळ १३०४ ते १३१६) याने ती ज्यूंकडून काढून मुसलमानांकडे दिली, शेजारी मशीद आणि मिनार बांधला. विटांच्या नक्षीचा तो मिनार त्याच काळातला. पुढे उस्मानी तुर्कांच्या अमलात सभागृह आणि कबर पुन्हा ज्यूंकडे होती, देखभाल बगदाद-हिल्ल्याचे ज्यू करत. बगदादच्या डॅनियल घराण्याच्या या भागात जमिनी होत्या. त्यांतले मेनाहेम सालिह डॅनियल पुढे इराकच्या सिनेटचे सदस्य झाले.

शेवट फार थोड्या वर्षांत झाला. जून १९४१ मध्ये बगदादमध्ये ज्यूंवर मोठा हल्ला झाला, त्याला फरहूद म्हणतात. मार्च १९५० मध्ये इराकने कायदा केला की नागरिकत्व सोडणाऱ्या ज्यूला देश सोडता येईल. वर्षभराने, मार्च १९५१ मध्ये, अशी नावं नोंदवलेल्यांची मालमत्ता गोठवली गेली. १९५०-५२ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास माणसं विमानांनी इस्रायलला गेली. अडीच हजार वर्षांची वस्ती अशी दोन वर्षांत उठली. कबर सांभाळायला गावातले मुसलमान उरले आणि त्यांनी ती सांभाळली, हे विसरू नये.

जत्रा कोणत्या तिथीला भरायची? आपल्या पंचांगावरून काढता येते का? (मंगरूळपीर तालुका)

येते, आणि फारसं अवघड नाही. ज्यूंचे महिने आपल्यासारखेच चंद्रावर चालतात, अमावास्येनंतरच्या नव्या चंद्रापासून सुरू होतात. सूर्याशी मेळ घालायला तेही अधिक महिना धरतात, १९ वर्षांत ७. आपलं प्रमाण जवळपास तेवढंच पडतं, त्यामुळे सण ऋतू सोडून भटकत नाहीत.

१९व्या-२०व्या शतकात जत्रा भरायची ती शावुओत या सणाला. त्याची तिथी अशी काढा. ज्यूंच्या निसान महिन्याच्या पौर्णिमेला वल्हांडण हा त्यांचा सण येतो. बहुतेक वर्षी ती चैत्री पौर्णिमाच असते, म्हणजे हनुमान जयंतीच्या आगेमागे वल्हांडण. वल्हांडणाचा दुसरा दिवस हा पहिला धरून ४९ दिवस मोजा. ५०वा दिवस शावुओत, सिवान महिन्याची सहावी तारीख. निसानचे १६ ते ३० हे १५ दिवस, पुढच्या इय्यार महिन्याचे २९, झाले ४४. सिवानचे पाच मिळवले की ४९. आपल्या हिशेबाने ही ज्येष्ठ शुद्ध षष्ठी.

चूक दोन ठिकाणी होते. एक, त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, आपली तिथी सूर्योदयाची धरतात, म्हणून एखाद्या दिवसाचा फरक पडतो. दोन, अधिक महिना कोणत्या वर्षी घालायचा याचे नियम वेगळे असल्याने काही वर्षी पूर्ण महिन्याचं अंतर पडतं. २०२५ मध्ये शावुओत २ जूनला होता, त्या दिवशी ज्येष्ठ शुद्ध सप्तमी. २०२६ मध्ये तो २२ मे रोजी, अधिक ज्येष्ठात येतो.

शावुओतच का, हे अनेकांनी विचारलं. त्या दिवशी सभागृहात यहेज्केलच्या ग्रंथाचा पहिला अध्याय, देवाच्या रथाचा साक्षात्कार, वाचला जातो. ज्या दिवशी जगभरातल्या सभागृहांत त्याचे शब्द वाचले जातात, त्या दिवशी त्याच्या कबरीपाशी असावं, ही भावना साधी आहे. ऊन मात्र आपल्या नवतपासारखं. बगदादहून हिल्ला सुमारे १०० किलोमीटर, तिथून अल-किफ्ल आणखी ३०. मोटारी येण्याआधी हा प्रवास खेचरांवर, उंटांवर आणि नावेतून व्हायचा.

१२व्या शतकात मात्र जत्रा शरद ऋतूत होती. ज्यूंचं नववर्ष ते प्रायश्चित्ताचा दिवस, तिश्री १ ते १०. आपल्याकडे हे दिवस बहुधा घटस्थापना ते दसरा असे पडतात. २०२४ मध्ये तर दोन्ही टोकं जुळली होती, ३ ऑक्टोबर आणि १२ ऑक्टोबर.

'साठ बुरूज, हजारो माणसं' हे वर्णन खरं मानायचं का? जुन्या प्रवाशांवर विश्वास किती ठेवावा? (शिक्षक, दारव्हा तालुका)

साठ बुरुजांचं वर्णन तुडेला गावच्या बेंजामिनचं. स्पेनमधला हा ज्यू प्रवासी ११७०च्या आसपास या भागात आला. त्याच्या मागोमाग रेगेन्सबुर्गचा पेताहिया आला. दोघांचं लिखाण शेजारी ठेवून वाचायचं, ही पहिली पायरी.

दोघांत जे जुळतं, ते भक्कम धरा. सभागृह होतं, कबर तिथे मानली जात होती, दूरदूरून ज्यू येत होते, मुसलमानही मानत होते. पेताहिया सांगतो की मक्केला जाणारे मुसलमान वाटेत इथे थांबून नवस बोलत. बेंजामिन सांगतो की लढाईच्या काळातही या जागेला कोणी हात लावत नसे.

जे एकच जण सांगतो आणि ज्यात रोजच्या व्यवहाराचा तपशील असतो, तेही बऱ्यापैकी विश्वासाचं. बेंजामिनने लिहिलं आहे की कबरीवर रात्रंदिवस दिवा तेवत असे. मोठी जत्रा भरे आणि व्यापारीही येत. आवारात पुस्तकांनी भरलेलं घर होतं, आणि ज्याला मूलबाळ नाही तो आपली पुस्तकं तिथे अर्पण करी. हा पुस्तकांचा रिवाज कोणी उगाच रचणार नाही. निपुत्रिक माणूस मागे काय ठेवतो, हा प्रश्न आपल्याही गावांत ठाऊक आहे. कोणी विहीर बांधतं, कोणी देवळाला वावर देतं. त्या लोकांनी पुस्तकं दिली.

आकडे आणि वय यांवर मात्र हात आखडता ठेवा. पेताहिया सणाला ६० ते ८० हजार माणसं सांगतो. गर्दी मोजायचं साधन त्याच्याकडे नव्हतं, म्हणून त्यातून 'फार मोठी गर्दी' एवढंच घ्या. घरातली काही पुस्तकं यरुशलेमच्या पहिल्या मंदिराच्या काळची होती, हेही तिथल्या लोकांनी सांगितलेलं आहे. इतकं जुनं चर्मपत्र त्या नदीकाठच्या ओलीत टिकणं कठीण. साठ बुरुजांबद्दल एवढंच सांगता येतं की तटबंदीची वास्तू होती. मुलांना शिकवताना हेच तीन रकाने फळ्यावर करा, दोघांनी सांगितलेलं, एकाने पाहिलेलं, एकाने ऐकलेलं. गावच्या उरुसाच्या किंवा गढीच्या आख्यायिकांनाही ते चालतात.

कबरीवरचा टोकदार घुमट कसा बांधला असेल? आधाराला लाकडी साचा लागतो का? (गवंडीकाम करणारे वाचक, मूर्तिजापूर तालुका)

तुम्ही कामाचं विचारलंत. या घुमटाला मुकर्नस घुमट म्हणतात. बगदादमधल्या झुमुर्रुद खातूनच्या कबरीवर याच जातीचा घुमट आहे.

खाली चौकोनी खोली. चारही कोपऱ्यांत कमानीचे कोनाडे काढून चौकोनाचा अष्टकोन करतात. त्यावर लहान कोनाड्यांचा एक थर फिरवतात. पुढचा थर आतल्या बाजूला सरकवून, खालच्या दोन कोनाड्यांच्या मधोमध एक कोनाडा येईल असा बसवतात. असे थर चढत जातात, प्रत्येक थर लहान होतो, आणि टोकाला छोटीशी टोपी बसते. आत उभं राहून वर पाहिलं तर मधमाशांचं पोळं दिसतं, बाहेरून पायऱ्यापायऱ्यांचा सुळका. प्रत्येक थर वर्तुळ पूर्ण झालं की स्वतःच्या ताकदीवर उभा राहतो, म्हणून पूर्ण साचा लागत नाही.

हे जमतं ते चुन्यामुळे नाही, जिप्समच्या गाऱ्यामुळे. तिकडे त्याला जुस्स म्हणतात. चुनखडी भाजायला ९०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. जिप्समला १५० अंशांच्या आसपास पुरते, म्हणजे सरपण फार कमी. जिथे झाडी नाही तिथे हे फार मोठं. शिवाय जिप्सम काही मिनिटांत धरतं. गवंड्याने वीट टेकवून थोडा वेळ दाबून धरली की ती तिरकीसुद्धा टिकते. तोटा असा की जिप्सम पाण्यात विरघळतं, लिटरमागे साधारण दोन ग्रॅम. त्यामुळे वरचा गिलावा फुटला आणि पावसाचं पाणी आत गेलं की सांधे हळूहळू रिकामे होतात. पायाकडून ओल चढली तरी तेच. दक्षिण इराकमध्ये भूजल वर आहे आणि खारट आहे. पाणी विटेतून चढतं, भिंतीच्या तोंडाशी सुकतं, मीठ मागे राहतं, त्याचे खडे फुगतात आणि विटेचा चेहरा भुगा होऊन गळतो. आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो तो हाच.

म्हणून आपल्याकडे हा प्रकार जिप्समने करायला जाऊ नका. मृगाच्या चार सरींत सांधे धुऊन निघतील. आपल्याला चुनाच बरा.

आमच्या गावातल्या जुन्या कबरीवर अक्षरं आहेत, कोणाला वाचता येत नाहीत. समिती ऑइलपेंट आणि टाइल्स लावणार आहे. काय करावं? (अचलपूर तालुका)

काम थांबवा. निदान अक्षरं असलेल्या भिंतीपुरतं तरी आजच थांबवा.

अल-किफ्लच्या सभागृहात आणि कबरीच्या खोलीत फुलापानांच्या नक्षीसोबत हिब्रू लेख आहेत. ही वास्तू कोणी सांभाळली, याची भिंतीवरची साक्ष तीच आहे. २०१०च्या सुमारास दुरुस्ती चालू असताना हे लेख पुसले जात असल्याच्या बातम्या जगभर आल्या. इराकी अधिकाऱ्यांनी ते नाकारलं. त्याच वर्षी इराकने हे ठिकाण युनेस्कोच्या संभाव्य यादीत नोंदवलं. तिथे जगाचं लक्ष तरी होतं. तुमच्या गावात लक्ष ठेवायला तुम्हीच आहात, आणि पुसलेलं अक्षर कोणत्याही निधीतून परत येत नाही.

आधी फोटो. भरदुपारी काढलेल्या फोटोत कोरीव अक्षर सपाट दिसतं. अंधार पडल्यावर जा. एकाने टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून डावीकडून धरावी, दुसऱ्याने समोरून, भिंतीशी काटकोनात मोबाइल धरून फोटो घ्यावा. मग टॉर्च उजवीकडून, वरून, खालून. खोल न उरलेली अक्षरंही सावलीमुळे उठून येतात. प्रत्येक फोटोत मोजपट्टी ठेवा. आधी पूर्ण दगड, मग एकेक ओळ, शेजारच्या फोटोंत थोडा भाग सामाईक येईल अशी. लेख भिंतीवर कुठे आहे हे दाखवणारा लांबचा फोटो विसरू नका, तोच बहुधा राहून जातो.

अक्षरांत खडू भरू नका. पीठ, तेल, शेंदूर, लिंबू, ॲसिड, तारेचा ब्रश यांतलं काही लावू नका. खडू आपल्याला वाटतं ते अक्षर ठळक करतो, नेमकं असतं ते नाही, आणि पुढे वाचणारा तिथेच फसतो. तेल दगडात मुरतं आणि धूळ धरून काळं पडतं.

लिपीचा अंदाज असा घ्या. अक्षरं एकमेकांना जोडलेली, खालीवर ठिपके असतील तर अरबी-फारसी. वर सलग रेघ आणि खाली वळणदार, जोडून लिहिलेली असतील तर मोडी. चौकोनी घडणीची, सुटी सुटी, उजवीकडून डावीकडे जाणारी असतील तर हिब्रू. अचलपूर भागात पहिली शक्यता सर्वात मोठी. यात आपलं नशीब असं की भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा नागपुरातच आहे. फोटो, गाव-तालुका, जागेचा पत्ता आणि लेखाची लांबी-रुंदी असं पत्र करून तिथे पाठवा. कागदी ठसा घ्यायचं काम त्यांच्याच माणसांचं. ओला कागद चुकीच्या तऱ्हेने ठोकला तर कुजका दगड कागदासोबत निघून येतो.

वास्तू संरक्षित आहे का हेही तपासा. राष्ट्रीय संरक्षित स्मारक असेल तर १०० मीटरच्या आत नवं बांधकाम चालत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरवर परवानगी लागते.

आता रंगाबद्दल. अक्षरांवर जुन्या चुन्याचे थर असतील तर ते तसेच राहू द्या. चुन्याची सफेदी श्वास घेते, अनेकदा खालचं अक्षर तिनेच वाचवलेलं असतं. ऑइलपेंट भिंतीचं तोंड बंद करतो. ओल आत अडते, मीठ रंगाच्या मागे साठतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांत पोपडा पडतो तो अक्षराचा चेहरा घेऊनच. सिमेंट आणि टाइल्सचं तेच. खालच्या तीन फुटांना टाइल लावली की ओल तीन फुटांच्या वर चढते, आणि जी भिंत आजवर कोरडी होती तीही ओली होते.

अक्षरं नसलेल्या भिंतींना गिलावा करायचाच असेल तर चुन्याचा करा. कळीचा चुना लोखंडी पिंपात भिजवा. पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. तो उकळून उडतो आणि डोळे जातात. पोरांना दूर ठेवा. भिजलेला चुना गाळून पाण्याखाली निदान महिनाभर मुरू द्या. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली भरड वाळू. पहिला हात १० ते १२ मिलिमीटर, दुसरा ६ ते ८. प्रत्येक हातानंतर आठवडाभर पोत्याने ओल ठेवा. हे काम दिवाळीनंतर काढा. एप्रिल-मेच्या उन्हात चुना धरण्याआधी सुकतो आणि बोटाने खरवडला तरी निघतो. मग लोक म्हणतात चुना कच्चा, आणि सिमेंट आणतात. कच्ची असते ती घाई. आणि सगळ्यांत आधी भिंतीच्या कडेचं पावसाचं पाणी लांब काढा. काळ्या मातीत पाणी मुरलं की ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया दरवर्षी थोडा थोडा हलतो. तो हलत राहिला तर कोणताच गिलावा टिकत नाही.

महाराष्ट्रातल्या ज्यूंचा या जागेशी काही संबंध? (पुसद तालुका)

बगदादी ज्यूंचा थेट. डेव्हिड ससून १८३२ मध्ये मुंबईत आले ते बगदादच्या समाजातून, ज्या समाजाची ही मोठी जत्रा होती. भायखळ्याचं मागेन डेव्हिड आणि पुण्याचं लाल देऊळ ही सभागृहं ससूनांनीच उभारली. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायल वेगळे. त्यांचं स्वतःचं तीर्थ अलिबागजवळ खंडाळ्याला, एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, खडकापाशी आहे. पण यहेज्केलचं नाव त्यांच्या घराघरांत होतं, मराठी वळणाने हसाजी झालेलं. मुंबईतलं पहिलं सभागृह १७९६ मध्ये बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजे सॅम्युएल एझिकिएल दिवेकर. त्या सभागृहाला लोक जुनी मशीद म्हणत.

नजफ-करबलाच्या जियारतीला जाणार आहोत. वाटेत अल-किफ्ल होईल का? (बाळापूर तालुका)

होईल. नजफ-कूफाहून हिल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच ते आहे, वेगळा मुक्काम लागत नाही. मात्र गटाच्या कार्यक्रमात ते आधीच लिहून घ्या. ऐन वेळी बस थांबवत नाहीत. अरबईनच्या, म्हणजे इमाम हुसेन यांच्या चाळीसाव्याच्या, दिवसांत हे सगळे रस्ते पायी चालणाऱ्यांनी भरलेले असतात, तेव्हा त्या दिवसांत हा थांबा धरू नका. महिलांनी अबाया आणि डोकं झाकलेलं हवं. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी ताजी माहिती आणि भारत सरकारची प्रवास-सूचना पाहा. आत गेल्यावर आधी मिनाराची विटांची नक्षी पाहा, मग कबरीच्या खोलीत घुमटाखाली उभं राहून वर बघा. भिंतीवर जिथे चौकोनी सुटी अक्षरं दिसतील तिथे हात लावू नका. फोटोला परवानगी असेल तर फ्लॅश बंद ठेवून, थोडं बाजूने घ्या.